सिगारेटसुद्धा

माझ्या मुलीच्या बायोडाटात एक शब्द खोटा होता.

बायोडाटा तिनेच तयार केला होता. वर गणपती, खाली जन्मवेळ, उंची, रक्तगट, शिक्षण आणि शेवटून दुसऱ्या ओळीत 'कुटुंब : सुशिक्षित व निर्व्यसनी'. मी अहमदपूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात सत्तावीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवतो आणि त्यातला मोठा भाग प्रयोगवह्या तपासण्यात गेला आहे. निष्कर्ष आधी लिहून निरीक्षणे मागाहून जुळवणारा विद्यार्थी मला वहीचे पान उलटण्यापूर्वीच ओळखू येतो. 'निर्व्यसनी' हा त्याच जातीचा निष्कर्ष होता. निरीक्षण असे होते की मी दिवसाला सरासरी अकरा सिगारेटी ओढत होतो. सरासरी म्हणण्याचे कारण उत्तरपत्रिका. त्या घरी आल्या की आकडा सोळावर जाई, विशेषतः भिंगाच्या आकृत्या सुरू झाल्यावर.

"रुद्राणी, हा शब्द काढ," मी म्हणालो.

"सगळ्यांच्या बायोडाटात असतोय तो, पप्पा. काढला तर लोक विचारतील, का काढला म्हणून."

"पण तो खोटा आहे."

"मग खरा करा की," ती म्हणाली आणि नांदेडची बस पकडायला निघून गेली.

ती नांदेडला एका खासगी प्रयोगशाळेत मातीचे आणि पाण्याचे नमुने तपासते. शेजारच्या टेबलावर भोकरचा शिवम तेच काम करतो. दोघांचे आपसात ठरलेले होते. आता दोन्ही घरच्या माणसांना, आपणच ठरवत आहोत, असे वाटू देण्याचा कार्यक्रम तेवढा राहिला होता. शिवमच्या घरात शब्द चालतो त्याच्या आजोबांचा, अर्जुनरावांचा. त्यांची अट एकच होती आणि ती शिवमने आधीच कळवली होती : पिणाऱ्याच्या घरची मुलगी करायची नाही. त्यांचा धाकटा भाऊ दारूने गेला होता. या अटीची मला चिंता नव्हती. इथेनॉलशी माझा संबंध स्पिरिटच्या दिव्यापुरता आहे. पाहुणे डिसेंबरच्या पहिल्या रविवारी येणार होते आणि माझ्या हाती सहा आठवडे होते.

"मी सिगारेट सोडतो आहे," मी पत्नीला, उज्वलाला, सांगितले.

"सोडा. याआधी चार वेळेस सोडलीत की. मला सवय झालीय आता," ती म्हणाली आणि भाजी निवडू लागली.

इथे थोडे व्याकरण आवश्यक आहे. प्रमाण मराठीत सिगारेट ओढतात. आमच्या मराठवाड्यात ती पितात. पाणी पितात, चहा पितात, बिडी पितात, सिगारेट पितात. इथवर ठीक आहे. परंतु कर्म गाळून कोणी नुसतेच 'तो पितो' म्हणाले, तर त्याचा अर्थ पाणी नसतो, चहा नसतो आणि सिगारेट तर नसतेच. ही गोष्ट मला बालपणापासून माहीत होती. तिचे उपयोजन मात्र मी कधी तपासले नव्हते.

माणसाने एकट्याने झगडू नये, मदत घ्यावी, असे या विषयावरचे सर्व शोधनिबंध एकमुखाने सांगतात. सिगारेटच्या पाकिटावर मदतीचा निःशुल्क क्रमांक छापलेला असतो. तो वाचण्यासाठी पाकीट विकत घ्यावे लागते, या योजनेतील तर्क मी अजून सोडवतो आहे. मी क्रमांक फिरवला. भाषा निवडताना माझ्या हातून चुकीचे बटण दाबले गेले आणि अत्यंत सुसंस्कृत हिंदीत एक बाई माझी विचारपूस करू लागल्या. मी दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत, फोनवर नीट ऐकू जावे अशा आवाजात, वर्गात देतो तशी मुद्देसूद उत्तरे दिली.

"जी, पीता हूँ. रोज ग्यारह. पहिली सुबह, चाय के पहले. जी, छब्बीस साल से. हाँ, पत्नी को मालूम है. बेटी को भी मालूम है. उसी के लिए छोड़ना है."

फोन ठेवून वळलो तर उघड्या दारात आमचे शेजारी आनंदराज हातात धपाट्यांची ताटली घेऊन उभे. आनंदराज एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षे ध्वनिक्षेपकावरून गाड्या पुकारल्यामुळे त्यांची कुजबुजसुद्धा तीन फलाटांना ऐकू जाते. त्या दिवशी मात्र ते काहीही न बोलता ताटली टेबलावर ठेवून परत गेले. असे पूर्वी घडलेले नव्हते. मी त्या निरीक्षणाकडे दुर्लक्ष केले आणि धपाटे खाल्ले.

वास्तविक अकरा हा आकडा पेला, वाटी, ग्लास अशा कोणत्याही भांड्याला लावून सव्वीस वर्षांनी गुणला, तर तो माणूस फळ्यापर्यंत चालत जाणे जीवशास्त्राला मान्य होणार नाही. आनंदराजांनी हा गुणाकार केला नाही. संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत कोणीच तो केलेला नव्हता.

त्या बाईंनी जवळच्या रुग्णालयात जाण्याचा सल्ला दिला होता. त्या रुग्णालयाचे नाव मी देत नाही. चूक शब्दाची होती, इमारतीची नव्हती. केसपेपरच्या खिडकीतल्या गृहस्थांनी मान वर न करता विचारले, "काय तकलीफ?"

"तकलीफ काही नाही. धूम्रपान सोडायचे आहे."

"म्हंजे पिणं सोडायचंय. किती पिता?"

"सिगारेट ओढतो. अकरा."

"कव्हापासून?"

"सव्वीस वर्षे."

त्यांनी कागद सरकवला. त्यावर लिहिले होते : 'पिणे. रोज ११. २६ वर्षे.' मी तो दोनदा वाचला.

"यात कर्म नाही," मी म्हणालो.

"कर्म?"

"काय पितो ते लिहिलेले नाही."

"चौदा नंबरच्या खोलीत जाणारे सगळे तेच पितेत, सर. वेगळं ल्ह्यावं लागत न्हाई."

मी दुरुस्तीचा आग्रह धरला. माझ्या मागे रांग वाढत होती आणि रांगेतले दोघे मला, "चला की राव, हुतंय बरं," असा धीर देत होते. केसपेपरवर खाडाखोड चालत नाही, असे त्या गृहस्थांनी समजावले. खाडाखोड केल्यास मोठ्या साहेबांची सही लागते आणि मोठे साहेब बैठकीला गेलेले होते. कंसात भर मात्र घालता येत असे. मग त्यांनी माझ्यावर उपकार करत असल्याच्या मुद्रेने कंस काढला आणि आत लिहिले : '(सिगारेटसुद्धा)'.

'सुद्धा' या एका अव्ययात केवढी शक्ती असते, हे मला सत्तावन्नाव्या वर्षी समजले.

चौदा नंबरच्या दारावर पाटी होती : 'नातेवाईक सोबत असल्याशिवाय रुग्ण तपासला जाणार नाही.' मी शुद्धीत आहे, स्वतःच्या पायांनी आलो आहे आणि मला घरचा पत्ता येतो, असे मी तेथील शिपायाला सांगितले. "सगळे असंच मनतेत," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी उज्वलाला घेऊन पुन्हा जावे लागले. बाकावर आमच्या शेजारी एक बाई आपल्या डुलणाऱ्या नवऱ्याला खांद्याने टेकू देऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि उज्वलाचा हात हातात घेतला.

"मारतेत का ओ?"

"न्हाई. समजावून सांगतेत," उज्वला म्हणाली.

"आगं माय," त्या बाई कळवळून म्हणाल्या. "ते लई वाईट."

खोलीतल्या समुपदेशक पुनम मॅडम माझ्या एखाद्या माजी विद्यार्थिनीच्या वयाच्या होत्या आणि, मान्य केले पाहिजे, तिथे भेटलेल्या माणसांत सर्वात शास्त्रशुद्ध होत्या. त्यांनी सोडण्याची तारीख ठरवून दिली, निकोटीनच्या चघळण्याच्या गोळ्या दिल्या, तलफ दहा मिनिटांत ओसरते हे सांगितले आणि एक अर्ज भरायला दिला. त्यात 'आधार' असा रकाना होता. मी त्यात माझे बारा आकडे सुवाच्य अक्षरात लिहिले.

"सर, हा आधार नाही," त्या म्हणाल्या. "तलफ आल्यावर तुम्ही कुणाला फोन करणार, त्या माणसाचं नाव."

मी उज्वलाकडे पाहिले.

"तलफ येती तुम्हाला कॉलेजात. मी घरून काय करू?" ती म्हणाली. तिच्या म्हणण्यात दोष काढता आला नाही. रकाना तसाच रिकामा राहिला. घरी परतताना बसमध्ये मी ओळखीच्या सर्व माणसांची मनातल्या मनात यादी केली. प्रकाशाच्या वेगाविषयी शंका असल्यास मला केव्हाही फोन करतील अशी दोनशे माणसे त्या यादीत निघाली. मी ज्याला फोन करू शकेन असे एकही नाही.

ठरल्या दिवशी मी सिगारेट थांबवली. दुसऱ्या दिवशी आनंदराज एक पुडी घेऊन आले. देवणीला त्यांच्या मेहुण्याच्या ओळखीचे कोणी ही पावडर देतात आणि ती घेतल्यावर, माणूस कसाही असो, आठ दिवसांत सुटतो, असे त्यांनी तीन फलाटांना ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या कानात सांगितले.

"यात घटकद्रव्ये कोणती आहेत?"

"ते इचारायचं नसतंय, सर. इचारलं की गुण जातो."

मी पुडी कपाटात ठेवून दिली. उज्वलाने ती कपाटातून काढून माझ्या चहात घातली, कारण 'कोणत्याही व्यसनावर चालतंय' असे आनंदराजांच्या सौभाग्यवतींनी तिला कुंपणावरून सांगितले होते. त्यानंतरचे दोन दिवस मी घरातल्या एकाच खोलीत काढले. ती बैठकीची नव्हती. आनंदराजांनी बाहेरून माझ्या प्रकृतीची चौकशी केली आणि समाधानाने म्हणाले, "निघू द्या, निघू द्या. सव्वीस वर्षांची साठलेली हाय."

वर्गात मी गोळी चघळू लागलो. ती सतत चघळायची नसते. थोडी चावून गालात दाबून ठेवायची, मग पुन्हा चावायची. तिसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या टेबलावर निनावी तक्रार आली की पदार्थविज्ञानाचे सर तासाला गुटखा खातात. आमचे महाविद्यालय तंबाखूमुक्त आहे. फाटकावर तसा फलक आहे आणि त्यावर 'उल्लंघन आढळल्यास समन्वयकांशी संपर्क साधावा' असे लिहून खाली समन्वयकाचे नाव रंगवले आहे. ते नाव माझे आहे. विज्ञानाचा शिक्षक म्हणून ही जबाबदारी पाच वर्षांपूर्वी माझ्याकडे आली होती. प्राचार्यांनी नियमाप्रमाणे तक्रार समन्वयकाकडे पाठवली. मी स्वतःकडून लेखी खुलासा मागवला, सात दिवसांची मुदत दिली, सहाव्या दिवशी खुलासा सादर केला आणि तो वाचून असमाधानकारक असल्याचा शेरा मारला, कारण सोबत गोळीच्या वेष्टनाची प्रत जोडलेली नव्हती. प्रत जोडल्यावर प्रकरण निकाली काढले. या पत्रव्यवहारात मात्र तलफ विसरली जाते, असे माझ्या लक्षात आले. शासकीय टिपणाचा हा उपयोग अद्याप कोणी नोंदवलेला दिसत नाही.

या सगळ्यात बसस्थानकासमोर टपरी असलेला शिवप्पा मी विसरलो होतो. शिवप्पा उदगीरच्या पलीकडचा, घरात कन्नड बोलणारा. गेली अठरा वर्षे मी टपरीशी पोहोचण्यापूर्वीच माझे पाकीट काढून ठेवणारा माणूस. आठवडाभर मी फिरकलो नाही, तेव्हा तो टपरी बंद करून घरी आला आणि चप्पल काढून दारातच उभा राहिला.

"एन आयतु, सर? काय झालं? माझं काही चुकलं का?"

मी त्याला सगळे सांगितले. पुनम मॅडमचा तो रिकामा रकानाही सांगितला.

"माझं नाव ल्हा त्यात," तो म्हणाला. "तलफ आली की तुम्ही माझ्याकडंच येता ना, सर? दुसऱ्या कुणाकडं कशाला जाता?"

या युक्तिवादात मला त्रुटी सापडली नाही. त्या दिवसापासून तलफ आली की मी शिवप्पाच्या टपरीवर जाई, सिगारेट मागे आणि तो ती देत नसे. तळहातावर बडीशेप ठेवी आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळे. गावातल्या बाकीच्या टपऱ्यांवरही त्याने निरोप पाठवला होता. चौथ्या दिवशी मी मोंढ्यात एका अनोळखी टपरीवर प्रयत्न करून पाहिला. टपरीवाल्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, आत वाकला आणि बडीशेप पुढे केली.

तीस दिवस झाले. वास येऊ लागले, जिने चढताना कठडा लागेना आणि माझा निष्कर्ष असा झाला की या वेळी ते टिकेल. गुरुवारी संध्याकाळी शिवप्पा हसत समोर आला.

"सर, आज भोकरचे पाव्हणे आले होते. म्हातारे. चौकशीला. तुमची लई तारीफ केली मी."

आमच्याकडे सोयरीक करण्यापूर्वी मुलाकडचे एखादे माणूस गावात उतरते आणि स्थानकासमोरच्या टपरीवर घराण्याची चौकशी करते. बायोडाटावर कोणी विसंबत नाही. सोयरिकीच्या बाबतीत आमचा समाज कमालीचा प्रयोगनिष्ठ आहे.

"काय सांगितलेस?"

"ते मनले, सर पितेत का. मी मनलं, पीत होते की. रोज अकरा. सकाळी सातला पहिली. पण पोरीसाठी महिना झाला, हात लावला न्हाई. मनलं, हिम्मतवाला माणूस हाय."

"शिवप्पा, 'सिगारेट' हा शब्द तू उच्चारलास का?"

तो आठवू लागला. त्याच्या डोक्यावर पाकिटांच्या माळा लोंबत होत्या. "ते मनायचं काय त्यात, सर," तो म्हणाला. "दिसूनच राहिलंय की."

पुढे अर्जुनरावांनी आमच्या गल्लीची वाट आनंदराजांना विचारली होती आणि आनंदराजांनी वाटेबरोबर माहितीही दिली होती : आता उपचार चालू आहेत, देवणीची पावडर मी स्वतः आणून दिली. दोन स्वतंत्र निरीक्षकांची निरीक्षणे जुळली की विज्ञानात निष्कर्ष ग्राह्य धरतात. अर्जुनरावांच्या पद्धतीत मला खोट काढता येईना. ते आमच्या दारापर्यंत न येता दुपारच्या गाडीने परत गेले.

रात्री रुद्राणीचा फोन आला. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त प्रत्येक वाक्यानंतर ती थांबत होती.

"पप्पा, आजोबा नको म्हणतायत. मी सांगितलं त्यांना, माझे पप्पा फक्त सिगारेट पितात म्हणून. ते म्हणाले, पिणाऱ्याची लेक असंच सांगते. शिवमनं हातापाया पडून रविवारी यायला लावलंय. एकदाच. तुम्ही नीट सांगा त्यांना."

"मी पुराव्यानिशी सांगेन," मी म्हणालो.

"तेवढं मुद्देसूद नका सांगू, पप्पा," ती म्हणाली.

रविवारी अर्जुनराव शिवमसोबत आले. पांढरे धोतर, टोपी, ताठ पाठ, अठ्ठ्याहत्तर वर्षे. बैठकीत बसले. उज्वलाने पाण्याचा तांब्या समोर ठेवला. त्यांनी हात लावला नाही. सोयरीक होणार नसलेल्या घरचे पाणी ते पीत नाहीत, हे सर्वांनाच समजले. शिवम जमिनीकडे पाहत राहिला. रुद्राणी आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"गुरुजी, राग मानू नका," अर्जुनराव म्हणाले. "माझा धाकला भाऊ बी तुमच्यावानी शिकल्याला व्हता. त्येची पोरगी बी असंच मनायची, बापू फकस्त बिडी पितेत. तिचं लगीन लावून दिलं आमी. चार महिन्यांत लोकास्नी कळलं. तव्हापासून ती लेक म्हायेराला आली न्हाई. त्या घराची कळ मला म्हाईत हाय."

मी नीट सांगितले. क्रियापद सांगितले, कर्म सांगितले, टेलिफोन सांगितला. अर्जुनराव सभ्यपणे ऐकत होते, जसे आपण पावसाचा अंदाज ऐकतो. शेवटी मी केसपेपर पुढे केला. त्यांना चष्म्याविना वाचता येत नव्हते, म्हणून तो त्यांनी शिवमला मोठ्याने वाचायला लावला.

"पिणे. रोज अकरा. सव्वीस वर्षे," शिवम वाचू लागला आणि त्याचा आवाज खाली गेला. "कंसात, सिगारेटसुद्धा."

माझ्या आयुष्यात मी सादर केलेला हा एकमेव पुरावा, जो विरुद्ध पक्षाने जपून ठेवण्यासारखा होता.

अर्जुनरावांनी बंडीच्या खिशातून बिडीचा कट्टा काढला, एक बिडी निवडली आणि माझ्यापुढे धरली.

"कागुद राहू द्या. ही घ्या. माझ्याम्होरं प्या. साठ वर्सं बिडी पितोय मी. बिडी पिणाऱ्याचा हात दोन झुरक्यांत वळखतो. भावाला बिडी धरता बी येत न्हवती. सवय असली तर सुपारी आजच फोडू."

मी बिडीकडे पाहिले. तेहतीस दिवस झाले होते. दोन झुरके घेतले असते तर सोयरीक झाली असती आणि बायोडाटातला शब्द पुन्हा खोटा ठरला असता. एका बाजूला एक विशेषण होते आणि दुसऱ्या बाजूला दारातली मुलगी. असा हिशेब मांडल्यावर तो सुटायला वेळ लागत नाही. मी हात पुढे केला. बिडी तर्जनी आणि मधल्या बोटात आपोआप जाऊन बसली, जणू मधले तेहतीस दिवस कोणी दुसराच जगला होता.

"पप्पा, ओढू नका," रुद्राणी म्हणाली.

तिने 'ओढू' म्हटले होते. इतक्या गडबडीतही मला ते ऐकू आले.

"रुद्राणी, तू आत जा."

"न्हाई. मोडलं तर मोडू द्या. खरा केलाय ना तो शब्द? मग राहू द्या खरा."

शिवमने मान वर केली. अर्जुनरावांनी काडी ओढली होती आणि ती माझ्या बोटांजवळ आणली होती. तिथेच त्यांचा हात थांबला. काडी जळत त्यांच्या चिमटीपर्यंत गेली, त्यांनी ती झटकून टाकली आणि माझे तर्जनीचे बोट धरून उजेडाकडे वळवले.

"हे काय?"

मीही पाहिले. नखाचा वरचा भाग जुन्या चहाच्या कपासारखा तपकिरी होता. खालचा, मुळाकडचा, तान्ह्या मुलाच्या नखासारखा स्वच्छ. दोन्हींच्या मधे पट्टीने आखावी तशी रेषा. तेहतीस दिवस हे निरीक्षण माझ्या स्वतःच्या बोटावर वाढत होते आणि मी, प्रयोगवह्या तपासणारा, ते नोंदवले नव्हते. त्या सबंध सहा आठवड्यांत माझ्या प्रतिष्ठेला बसलेला हा सर्वात मोठा धक्का.

अर्जुनरावांनी आपले बोट माझ्या बोटाशेजारी ठेवले. त्यांचे नख टोकापासून मुळापर्यंत पिवळे होते.

"दारूनं नख पिवळं पडत न्हाई," ते हळूच म्हणाले.

रुद्राणी आतून पट्टी घेऊन आली आणि तिने स्वच्छ भाग मोजला. साडेतीन मिलिमीटर. नख महिन्याला साधारण तीन ते साडेतीन मिलिमीटर वाढते, म्हणजे हा काळ महिन्याहून किंचित अधिक, असे मी सांगू लागलो. अर्जुनरावांनी मला हाताने थांबवले.

"ते ऱ्हाऊ द्या, गुरुजी. उसाची कांडी बगून पाणी कव्हा तुटलं ते मी सांगतो. हे बी तसंच हाय. महिना झाला तुमचं पाणी तुटून."

आणि त्यांनी तांब्या उचलून वरून पाणी प्यायले. सगळे प्यायले. आत काहीतरी भांडे पडले, ते बहुधा उज्वलाच्या हातून.

सुपारी फुटल्यावर अर्जुनराव माझ्याकडे सरकले. आवाज उतरला होता.

"आमच्या बी कागदावर ते लिवलंय. निर्व्यसनी. ह्यो शिवम मनला, आजा, बिडी कोण धरतंय." त्यांनी कट्ट्याकडे पाहिले. "कसं सोडलं तुमी?"

मग त्यांनीच ठरवले की, लग्न त्यांचे नख टोकापर्यंत स्वच्छ झाल्यावर लावायचे, म्हणजे दोन्ही कागद खरे होतील. मी अंदाज सांगितला, पाचेक महिने, म्हणजे वैशाख. रुद्राणी आणि शिवम एकमेकांकडे पाहू लागले. नख लवकर वाढवणारे काही असते का, असे शिवमने मला बाजूला घेऊन विचारले. तसा कोणताही विश्वासार्ह पुरावा नाही, असे मी सांगितले. त्या आठवड्यापासून ती दोघे म्हाताऱ्याला रोज खारका-बदाम खाऊ घालत आहेत.

अर्जुनराव रोज दुपारी चारला मला फोन करतात. "गुरुजी, आली," एवढेच म्हणतात. मी घड्याळ लावतो आणि दहा मिनिटे आम्ही उसाविषयी बोलतो. माझी तलफ सव्वाचारला येते, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही. त्यांना कळले असावे, कारण दहा मिनिटे झाली तरी ते फोन ठेवत नाहीत.

पंधरा दिवसांनी मी त्यांना त्याच रुग्णालयात घेऊन गेलो. तीच खिडकी आणि तेच गृहस्थ.

"काय पिता, बाबा?"

"बिडी," मी घाईने म्हणालो. "ओढतात. बिडी. कृपया कर्म लिहा."

त्यांनी मान वर केली आणि मला ओळखले. "आधार?"

अर्जुनराव बंडीतून कार्ड काढू लागले. "हा आधार नाही," मी त्यांना थोड्या अधिकाराने सांगितले. "माणसाचे नाव सांगायचे." त्यांनी कार्ड परत ठेवले आणि माझ्याकडे बोट दाखवले.

"नातं?"

"इवाई," अर्जुनराव म्हणाले.

गृहस्थांनी 'व्याही' न लिहिता 'इवाई'च लिहिले, क्षणभर विचार केला, कंस काढला आणि त्यात भर घातली : '(तेसुद्धा)'.

मी दुरुस्ती मागितली नाही.